वंदनेत नसलेला श्वास

त्या वर्षी आईची पाळी जायला लागली आणि आमच्या घरात कुणालाच काही कळेनासं झालं. भाकरी थापता थापता ती अचानक लाल व्हायची, मानेवर घाम फुटायचा, छाती धडधडायची. "जीव घाबरा होतो गो," एवढंच म्हणायची. कशानं, ते तिलाही सांगता यायचं नाही.

मी महाडला कॉलेजात होते. पोलादपूरजवळच्या आमच्या वस्तीवर येताना माझ्या पिशवीत पुस्तकं कमी आणि चळवळीची वाटायची पत्रकं जास्त असायची. जातीवर, हुंड्यावर, भगतांच्या लबाडीवर, मजुरीच्या दरावर पत्रक होतं. पाळी जाताना बाईला मरणाची भीती का वाटते, यावर एकही नव्हतं. मी सगळी उलटून पाहिली होती.

आईची खरी भीती वेगळीच होती. पौर्णिमेला विहारात बुद्धवंदना तीच सांगायची. ती एक ओळ म्हणायची, मागून सगळ्या बायका म्हणायच्या. तिथं थरथर सुटली तर लोक म्हणतील, बाईच्या अंगात आलं. देव सोडून इतकी वर्षं झाली, तरी कुणाचा हात थरथरला की म्हातार्‍या एकमेकींकडे बघायच्या. "त्यापरीस मी वंदना सांगायचीच सोडते," आई म्हणाली.

मी तिला दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "या वयात होतं असं. जीव घाबरला की नाकानं श्वास घ्या आणि चुलीत फुंकणीनं फुंकल्यासारखा सोडा, पण सावकाश. घेण्यापेक्षा सोडणं लांब."

बाहेर आल्यावर मला रागच आला. गोळी नाही, नीट कारण नाही, नुसता श्वास. मग भगत अंगारा देतो त्यात आणि यात फरक काय? आई मात्र गुमान करत राहिली. पाणी शेंदताना, शेणी थापताना तोंडाचा चंबू करून लांब श्वास सोडायची. धडधड बसायची. ती श्वासानं बसते की आपोआप, हे मला ठरवता येईना.

पौर्णिमेला तिनं त्रिसरण सुरू केलं. मध्येच आवाज अडला, मान लाल झाली. तिनं डोळे मिटले आणि लांब फू करून श्वास सोडला. मागं बसलेल्या बायकांनीही तसाच श्वास सोडला. आई करेल ते मागून करायचं, ही त्यांची सवय. आईनं पुन्हा सोडला, त्यांनीही सोडला. मग वंदना पुढे गेली.

पुढच्या पौर्णिमेला आईला काही झालं नाही, तरी त्याच ठिकाणी बायका थांबल्या आणि त्यांनी फू केलं. एक नवं कर्मकांड माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच घरातून तयार होत होतं. बोलावं तर आईचं गुपित फुटणार. गप्प बसावं तर लोकांना शहाणपण कुठल्या तोंडानं सांगायचं?

वंदना संपल्यावर विहार कमिटीतले एक काका उठले. "वहिनी, हा श्वास कंच्या पुस्तकात हाय?"

असला प्रश्न एरवी मी विचारायची. मी मान खाली घातली.

"कंच्याच नाय," आई म्हणाली. "माझी पाळी जातेय. जीव घाबरतो, म्हणून मी सोडते."

काका खाली बसले. मागून एक आजी शेजारणीला म्हणाली, "मंग मी कशाला सोडत होते गो?"

"तुझी तर कवाच गेली," शेजारीण म्हणाली. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

आईनं वंदना सांगणं सोडलं नाही. बायकांनीही त्या जागेवर थांबणं सोडलं नाही; काहीजणी तर आता मुद्दाम मोठ्यानं फू करायच्या. कारण माहीत असून करतात, तर अंधश्रद्धा म्हणता येईना. गरज नसताना करतात, तर औषधही म्हणता येईना. मी त्यांच्यातच बसायची. ती जागा आली की माझा श्वास छातीत अडून राहायचा, सोडावा की सोडू नये.