पलंगासमोरचा आरसा

छकू खोटं बोलायला लागली असेल का, हा किडा आईच्या डोक्यात शिरला आणि मग काही केल्या बाहेर पडेना. भाजी चिरताना तोच, शिवणयंत्रावर बसल्यावर तोच. चाळिशीला टेकलेल्या मुलीबद्दल असं काही मनात येणं बरं नाही, हे तिला कळत होतं. पण कळून काय उपयोग? तो आरसा तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

छकूचं काम लोकांना चटकन समजत नसे. विकायला काढलेली घरं ती मांडून द्यायची. मालक सामानसुमान घेऊन निघून गेलेला असायचा किंवा जुन्या पसाऱ्यात बसून गिऱ्हाइकाची वाट बघत असायचा. छकू जायची, नको ते बाहेर काढायची, चार वस्तू भाड्याने आणायची, आणि आठवड्याभरात त्या घराचा चेहरामोहरा बदलायची. हे सगळं फेंगशुईच्या नियमांनी. शेजारीण एकदा म्हणाली, म्हणजे तो हसरा बुवा आणि तीन पायांचा बेडूकच ना? छकूने हात जोडले होते. बेडूक दुकानदारासाठी शुभ असतो काकू, म्हणाली, घरासाठी नाही.

तसा हा नाद जुनाच. शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि खुर्च्या ओढत बसायची. तिचे बाबा संध्याकाळी अंधारात घरात शिरायचे आणि सकाळी नसलेल्या स्टुलावर गुडघा आपटून घ्यायचे. आपल्या घराला पाय फुटलेत, असं ते म्हणायचे, पण पोरीला कधी रागावले नाहीत. पुढे ती फर्निचरच्या शोरूममध्ये लागली. मग लग्न झालं. ते टिकलं नाही. परत आली तेव्हा दोन बॅगा आणि एक उभा दिवा एवढंच घेऊन आली, आणि दिवा कुठे ठेवायचा यावर पहिल्याच दिवशी आईशी वाद घातला. आई मनात म्हणाली, चला, पोरगी शाबूत आहे.

फेंगशुईचा वर्ग तिने त्यानंतर केला. आईला त्यातलं काही पटत नसे. पहिलं घर छकूने विकून दाखवलं, त्याच्या मुख्य दारातून थेट संडासाचं दार दिसायचं. येणारा प्रत्येक जण दारातूनच मागे फिरायचा. छकूने मध्ये एक उंच झाड ठेवलं, गोल सतरंजी टाकली, कोपऱ्यात दिवा लावला. घर गेलं. आई म्हणाली, यात कसलं शास्त्र, एवढी अक्कल कुणालाही असते. छकू म्हणाली, मग आजवर कुणी का नाही ठेवलं झाड? तेव्हापासून उशांची कव्हरं आणि पडदे आईच शिवून देऊ लागली आणि शिवता शिवता सगळे नियम तिला पाठ झाले. पलंगाचं डोकं भरीव भिंतीला. पाय दाराकडे नकोत. दारामागे काही टांगायचं नाही, दार पूर्ण उघडलं पाहिजे. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे पलंगासमोर आरसा नको. झोपलेल्या माणसाला स्वतःचं प्रतिबिंब दिसता कामा नये, त्याने झोप उडते, जीव थाऱ्यावर राहत नाही.

या नियमापायी आईचं आरशाचं टेबल झोपायच्या खोलीतून पॅसेजमध्ये गेलं होतं. बाबांनी हौसेने करून घेतलेलं टेबल. आईने आकांडतांडव केलं, दोन दिवस अबोला धरला, पण छकू हलली नाही. तेव्हापासून आई पॅसेजमध्ये उभी राहून वेणी घालायची आणि बाथरूमकडे जाणाऱ्या प्रत्येकाचा धक्का खायची.

म्हणून त्या दिवशी उशांची कव्हरं घेऊन ती छकू मांडत असलेल्या एका घरात गेली, तेव्हा मागच्या खोलीच्या दारातच थबकली. पलंगाच्या बरोबर समोर, भिंतीला टेकून, माणसापेक्षा उंच आरसा उभा होता.

हे काय गं, असं तिने विचारलं. प्रकाश येतो, छकू म्हणाली आणि कव्हरं मोजायला लागली. खोलीची खिडकी दुसऱ्या बाजूला होती आणि तिचा पडदा निम्मा ओढलेला होता. कुठला प्रकाश आणि कुठून येतो, हे आईला कळेना. पण तेवढ्यात दलाल गिऱ्हाईक घेऊन आला. या दलालाला आई मनातल्या मनात लोणीसाहेब म्हणायची, कारण समोरच्याला लोणी लावल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नसे. आईला बघून तो म्हणाला, आईसाहेब आहेत म्हणजे घर कसं भरल्यासारखं वाटतं.

गिऱ्हाईक म्हणजे एक साधंसुधं नवरा-बायकोचं जोडपं. नवरा नळ सोडून बघत होता. बायकोला उशांची कव्हरं आवडली, तिने शिवण उलटून पाहिली, आणि ती आईनेच शिवलीत हे कळल्यावर गप्पांना लागली. तिने स्वतःचा नंबर आईच्या फोनमध्ये घालून दिला. घर झालं की मलाही शिवून द्या, म्हणाली. मग मागच्या खोलीत येऊन तिने सगळीकडे नजर फिरवली.

"ही सासूबाईंना देणार," ती म्हणाली. "त्यांना दमा आहे. आत्ताच्या घरात भिंतींना ओल आहे ना, रात्रभर खोकतात बिचाऱ्या. म्हणून तर घर शोधतोय."

आईने सहज छकूकडे पाहिलं. छकू पलंगावरची उशी सरळ करत होती. उशी आधीच सरळ होती.

मंडळी दलालाबरोबर खाली गाड्या ठेवायची जागा बघायला गेली, तशी आई आरशापाशी गेली आणि चौकटीमागे हात घातला. भिंत गार होती. रंग ताजा होता, पण दाबल्यावर आत गेला, आणि बोटांना पांढरा ओलसर चुरा लागला. तो तिने नाकाशी नेला. बंद कपाटातल्या ओल्या कपड्यांना येतो तसा वास.

"आई, हात काढ." छकू दारात उभी होती.

"ओल आहे ही."

"माहीत आहे मला. मालक दुरुस्ती करून देणार आहेत. सह्या व्हायच्या आधी दलाल सांगणार आहे त्यांना."

"मग हा आरसा कशाला?"

"घर माझं नाही, आई. मी फक्त मांडून देते."

"आणि माझं टेबल पॅसेजमध्ये गेलं, ते कशासाठी गं?"

छकू खिडकीचा पडदा नीट करायला गेली, आणि दोघी घरी येईपर्यंत शिवणाच्या दोऱ्याबद्दल बोलत राहिल्या.

त्यानंतर आईचं सगळं लक्ष मुलीवर. फोन आला की छकू गॅलरीत जाते का? गेली. आधी जायची का? आठवेना. लोणीसाहेब हल्ली दर घरासाठी हिलाच बोलावतो, ते हिच्या कामावर खूश आहे म्हणून, की ही काही विचारत नाही म्हणून? आणि आधी विकलेली घरं? ते उंच झाड खरंच दारासाठी होतं ना? आईला स्वतःचाच राग आला. ज्या पोरीने परत आल्यावर नवऱ्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही, तिच्यावर आपण पाळत ठेवतोय. पण मन थांबेना.

एका संध्याकाळी ती बाजारातून आली, तर पॅसेज मोकळा. आरशाचं टेबल झोपायच्या खोलीत, पलंगासमोर, होतं तिथे परत गेलेलं. वर पुसून लख्ख केलेलं. छकू स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. तुला पॅसेजमध्ये त्रास व्हायचा ना, एवढंच म्हणाली.

किती वर्षं आईने याच गोष्टीची वाट पाहिली होती. आता झाली, तर ती बाजाराची पिशवी हातात धरून खोलीच्या दारातच उभी राहिली. आपल्या आईशी अबोला पत्करून पाळलेला नियम पोरीने मुकाट्याने सोडून दिला होता. तो या घरात पाळला असता, तर त्या घरातला आरसा रोज टोचला असता. टोचू नये म्हणून तिने नियमच काढून टाकला. असं असेल, की आपणच फार खोलात जातोय?

जेवताना तिने विचारलं, त्या घराचं काय झालं. उद्या दुपारी सह्या आहेत, छकू म्हणाली.

"सांगितलं का त्यांना भिंतीचं?"

"सांगितलंय म्हणाला."

"तू ऐकलंस?"

"प्रत्येक गोष्ट मी कानाने ऐकायची का आई? म्हणाला ना तो." आणि मग ताटाकडे बघत, हळू आवाजात, "त्याच्याशिवाय मला कामं कोण देणार आहे?"

आईने पोरीच्या ताटात आणखी एक पोळी वाढली, आणि छकूने नको म्हटलं नाही.

सकाळी छकू कामावर गेली. आई बऱ्याच वर्षांनी आपल्या टेबलासमोर बसून वेणी घालायला लागली. आरशात मागे पलंग दिसत होता, आणि तिला वाटलं, पोरगी काही अगदीच चुकीचं सांगत नव्हती. जीव थाऱ्यावर नव्हताच.

तिने फोन उघडला. सगळ्यात वर छकूचा नंबर होता. आधी तिलाच करावा, हे बरं. तिच्यामागे तिच्या कामात हात घालणं बरं नाही, तिची रोजीरोटी आहे ती. पण छकूला फोन केला तर ती समजावणार, आणि आपल्याला ते पटणार. झाडाचं पटलं होतं, टेबलाचं पटलं होतं, आरशाचंही पटेल. आईला भीती होती ती नेमकी त्याचीच.

दलालाने खरंच सांगितलं असेल, तर ती बाई म्हणेल, हो, माहीत आहे आम्हाला. मग कव्हरांच्या मापाबद्दल बोलू आणि फोन ठेवू. आणि नसेल सांगितलं तर संध्याकाळी छकू घरी येईल, दारातच उभी राहील, आणि काय बोलेल ते ऐकून घ्यावं लागेल. त्यानंतर तिला तो नियम परत पाळायचा असेल, तर हे टेबल पॅसेजमध्ये ढकलायला आपणच तिला हात लावू.

तिने वेणीची गाठ मारली, चष्मा लावला, आणि छकूच्या नावाखाली बोट सरकवत त्या बाईचा नंबर काढला.