चहानंतरचा ताप

विमलक्का आज सकाळी गेल्या, आणि बातमी ऐकून मला आधी हसूच आलं.

माफ करा. डोळ्यांपुढे तोंडात थर्मामीटर धरलेले आमचे डॉक्टर आले.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. बीदर जिल्ह्यातला एक दवाखाना, बायकांचा वॉर्ड. अक्का इन्चार्ज सिस्टर. मी नुकतीच पास होऊन आलेली, डोक्यावरची टोपीही धड न बसणारी.

मंठाळच्या तुळसाबाई चांगल्या बऱ्या झाल्या होत्या, पण रोज संध्याकाळी ताप शंभर. डॉक्टर डिस्चार्ज देईनात.
आणि रविवारी लेकीचं लग्न!

"मला सोडून अक्षता टाकत्याल का गं सिस्टर?" म्हणून रडायच्या.

एक दिवस माझी ट्यूब पेटली. चार वाजता वॉर्डात चहा यायचा आणि सव्वाचारला आम्ही ताप बघायचो. कढत चहा प्यालेल्या तोंडात थर्मामीटर!

धावत जाऊन अक्कांना सांगितलं.

"मला कामून सांगायलीस? मोजून बघ. लिहून ठेव."

"मी? मी काय डॉक्टर हाय का?"

"चहाच्या टायमाला डॉक्टर असतेत व्हय इथं? तूच असतीस."

त्यांनी चार दिवस मला संध्याकाळची ड्युटी लावली. कोरी वही दिली. चहाआधी ताप, चहानंतर ताप, अर्ध्या तासानं पुन्हा ताप. बायका जाम वैतागल्या.

"या पोरीला दुसरा धंदा न्हाई का?"

शनिवारी राऊंड आला. मी वही अक्कांपुढे सरकवली. "अक्का, तुम्हीच सांगा ना."

"न्हाई. डॉक्टर, ही पोरगी काय म्हणायली ऐका. तिनं शोधलंय."

डॉक्टर वही चाळून म्हणाले, "असं कुठं असतंय?"

अक्कांनी गरम चहा मागवला. डॉक्टर प्याले, थर्मामीटर तोंडात धरला. शंभरच्या वर!

"ॲडमिट करू का सर?" अक्का, एकदम सिरियस चेहऱ्यानं.

अख्खा वॉर्ड खदाखदा हसला. डॉक्टरही.

तुळसाबाई दुपारच्या बसनं लग्नाला गेल्या.

नंतर मी विचारलं, "अक्का, तुम्ही का नाही सांगितलं? तुमचं डॉक्टरांनी लगेच ऐकलं असतं."

"तुझ्याएवढी असताना मी बी असंच एक हेरलं होतं. मोठ्या सिस्टरनं ते आपल्या नावानं सांगितलं. मग धा वर्सं मला वॉर्डात काहीच दिसलं न्हाई."

पुढे मी इन्चार्ज झाले. माझ्या पोरींनी कित्येक वह्या भरल्या.
प्रत्येक वहीवर ज्या पोरीची, तिचंच नाव आहे.

अक्का, खूप आठवण येईल तुमची. शेवटचा जय भीम.