कोपरखैरण्याच्या गॅलरीतलं रानजायफळ

बाजीराव कांबळे यांनी उभं आयुष्य नवी मुंबईत बस चालवली. झाडांशी त्यांचं नातं एवढंच, की दुपारी गाडी लावायला सावली मिळाली तर बरं. बायको लवकर गेली. घरात ते आणि मुलगी शुभदा, दोघंच. शुभदा वनस्पतिशास्त्रात संशोधन करायला लागली आणि कोपरखैरण्याच्या त्यांच्या गॅलरीत पाण्याचे टब आले. टबांत रोपं.

ती उत्तर कन्नडच्या रानातली, रानजायफळाच्या नात्यातली. ओढ्याकाठच्या दलदलीतच वाढणारी.

"यांचं अख्खं खानदान सात-आठ जातींचं, पप्पा," शुभदा सांगायची. "त्यातली आपल्या देशात एकच. बी सुकलं की मेलं."

"मग या लाडोबांना इकडे कशाला आनलंस?"

"जगतात का बघू. मोठी झाली की परत नेऊन लावायची."

मे महिन्यात तिला ताप आला, तो उतरेना. रक्ताचा कॅन्सर निघाला. बाजीराव दवाखान्यातून आंघोळीपुरते घरी यायचे, तेवढ्यात टब भरून जायचे. परतले की ती आधी विचारायची, "नवं पान आलं?" ते मोबाइलवर फोटो दाखवायचे. दिवाळीच्या आधी ती गेली.

शुभदाच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला तिच्याबरोबर काम करणारी मैत्री नावाची मुलगी आली होती. जाताना हळूच म्हणाली, "काका, पुढच्या पावसात रोपं रानात न्यावी लागतील. तिनेच ठरवलं होतं."

"न्हाय," बाजीराव म्हणाले. "तिच्या हातची हायत. घरातच ऱ्हातील."

मैत्री आपला नंबर देऊन निघाली.

उन्हाळ्यात गॅलरी भट्टीसारखी तापली. बाजीरावांनी ओल्या चादरी बांधल्या, टब शुभदाच्या खोलीत नेले, पंखा लावला. तरी पानं कडेने करपत गेली. एकामागून एक रोपं वाळली. शेवटचं उरलं तेव्हा त्यांनी मैत्रीला फोन केला. "ये बाळा. घेऊन जाऊ."

वनखात्याची परवानगी तिने काढली. पाऊस लागल्यावर दोघं रानात पोचली. भरदिवसा अंधारल्यासारखं होतं. काळ्या पाण्यात मोठाली झाडं उभी होती आणि त्यांची मुळं गुडघ्यांसारखी चिखलातून वर आलेली. बाजीरावांनी चपला काढल्या, चिखलात उतरले आणि स्वतःच्या हाताने रोप लावलं.

"शुभा कुठे बसायची?"

मैत्रीने एक रुंद मूळ दाखवलं. "तिथे. डबा खायला."

ते तिथे जाऊन बसले. हॉस्पिटलात, स्मशानात, कुठेही न रडलेला माणूस तिथे मोठ्याने रडला. "मी आडवलं गं," एवढंच म्हणत राहिले. "सगळी आली असती."

पुढच्या पावसाळ्यानंतर मैत्री घरी आली. तिचा चेहरा बघूनच त्यांनी विचारलं, "गेलं?"

"ओढ्याला मोठं पाणी आलं, काका. ती कडच वाहून गेली. मे महिन्यात बघितलं तेव्हा छान होतं."

"नवी पानं होती?"

"तीन."

बाजीरावांनी तिला चहा करून दिला. मग तिला सोडायला खाली उतरले, रिक्षा थांबवली. ती बसल्यावर म्हणाले, "घरी पोचलीस की फोन कर."

तिने केला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला.