मतदानाच्या रांगेतला कंपाउंडर

आमच्या बोरिवलीच्या डॉक्टरांकडील कंपाउंडरचे नाव मी कधी विचारले नाही. औषधाच्या बाटलीवर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवताना तो जगाच्या बातम्या सांगे आणि प्रत्येक बातमीनंतर, ती आपल्याच गल्लीत घडल्यासारखे, "बघा आता!" म्हणे. अमेरिकेतील काळ्या लोकांच्या लढ्याविषयी तो विशेष बोले. लोक खोकल्यासाठी येत. त्यांना औषध आणि अमेरिका दोन्ही मिळे. मला बडबड खपत नाही. त्याची खपे.

एका निवडणुकीत पालिकेच्या शाळेबाहेर कंपाउंडर आणि मी रांगेत होतो. पुढे गल्लीतली भाजीवाली उभी होती. आमच्या सोसायटीचे चिटणीस तिला म्हणाले, "सही येत नाही, नि मत द्यायला आलीस? आधी लिहायला शीक." ती खरोखरच रांग सोडून निघाली.

"मावशी, जागा सोडू नकोस," कंपाउंडर म्हणाला आणि चिटणीसांकडे वळला. "साहेब, अमेरिकेत काळा माणूस मत द्यायला आला, की गोरे अधिकारी गोड गोळ्यांनी भरलेली बरणी दाखवून विचारायचे, आत गोळ्या किती? चुकला की घरी. तुम्ही सांगा, या शाळेवर कौलं किती?"

"हा काय प्रश्न झाला?"

"येत नाही ना? मग चला घरी. बघा आता!"

रांग हसली. मावशी परत जागेवर आली. मत देऊन बाहेर पडली तेव्हा बोटावरची शाई ओलीच होती.

"काय रे बाबा, त्या बरणीत होत्या तरी किती?"

"विचारणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं, मावशी."