सरावात मोडलेला गुडघा

कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघात तिला आम्ही सगळ्या खांब म्हणायचो. उंच होती, आणि एकदा एखाद्या गोष्टीवर उभी राहिली की तसूभर हलायची नाही. वडील शिंपी, आई त्याच दुकानात काजं-बटणं करायची. खांबाचं शिक्षण चाललं होतं ते खेळाच्या शिष्यवृत्तीवर.

एकदा सरावात उंच उडी मारून ती खाली आली ती नेमकी जाळीखाली घरंगळत आलेल्या बॉलवर. गुडघा पार फिरला. ऑपरेशन नाही केलं तर जन्मभर लंगडशील, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं.

कॉलेजने आमचा विमा काढलेला, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. ऑफिसातले साहेब थंडपणे म्हणाले, "विमा सामन्यांचा आहे. सराव त्यात येत नाही." म्हणजे घाम गाळायचा वर्षभर, आणि हाडं मोडायची ती मुहूर्त बघून! माझं डोकंच फिरलं.

प्रशिक्षक सरांनी आम्हाला बाजूला घेतलं. "मागच्या सामन्यात लागलं असं लिहू. सगळ्याजणी सह्या करा."

मी पेन काढलंसुद्धा. खांब म्हणाली, "नको सर. उद्या दुसरी पडली की तिनेही खोटंच बोलायचं का?"

"अगं बाई, आधी स्वतःचा पाय बघ!" मी ओरडले.

"तोच बघतेय."

दुसऱ्या दिवशी ती कुबड्या घेऊन आली आणि जाळीखाली पाय लांब करून बसली. सराव बंद. अंतिम सामना तोंडावर आलेला. मग आम्हीही तिच्याभोवती फतकल मारली. रोज तेच. शेवटी प्राचार्य मॅडम स्वतः मैदानावर आल्या.

"ऊठ. खास बाब म्हणून तुझा खर्च कॉलेज करेल."

तिला न्यायला आलेल्या वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी हात पुढे केला. "ऊठ, पोरी."

"थांबा बाबा. मॅडम, खास बाब नको, नियम करा. सरावात पडेल तिचाही खर्च द्यायचा, शिष्यवृत्तीही चालू ठेवायची. या वर्षीपासून."

"आणि नाही केला तर?"

"तर मला उचलून न्या. फक्त जपून. गुडघ्याला आणखी काही झालं तर खर्च कोणाचा, ते अजून ठरलेलं नाही."

मॅडम तणतणत निघून गेल्या. संध्याकाळी आल्या त्या सही-शिक्क्याचा कागद घेऊनच. खांबाने तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि माझ्याकडे दिला.

"आता द्या हात, बाबा," ती म्हणाली. "मला एकटीला उठवत नाहीये."