दत्तात्रयची दुसरी चौकट

आयुष्यभर तोंडाला रंग लावून मी नाटकं केली, पण दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या शेजारच्या दत्तात्रयइतका सहज नट मी पाहिला नाही. बिचारा रंगमंचावर कधी चढलाच नाही. सरदारजींशी बोलताना त्याचा आवाज चढायचा. बंगाली साहेबांपुढे हा शाकाहारी माणूस माशांच्या गोष्टी चवीनं सांगायचा. नव्वद सालानंतर गुडगावात इमारती उठू लागल्या, तेव्हा सरकारी नोकरी सोडून तो फ्लॅट विकू लागला. गिऱ्हाईक जसं, तसा दत्तात्रय.

पुढे माझी भाची तेजश्री जवळच मुनिरक्यात खोली घेऊन संशोधन करू लागली. चारचौघांत माणूस स्वतःला किती जोखतो, बदलतो, आणि त्याचा मेंदूच्या घडणीशी काही संबंध आहे का, हा तिचा विषय. आधी हो-नाहीचा फॉर्म, मग मेंदूचा एमआरआय. दत्तात्रय लगेच तयार झाला. मला मात्र हळूच म्हणाला, "अक्का, आत माझं असं काही निघालंच नाही तर?"

आमच्या घरी तेजश्रीसमोर बसून त्यानं भराभर फॉर्म भरला. त्याची बायको सुमित्रा वाचू लागली. "'मी सगळ्यांशी सारखाच वागतो.' हो? अहो, थापांनाही काही हद्द!"

"अगं, पोरीला तेच हवंय असं वाटलं."

तेजश्री आधी हसली, मग म्हणाली, "काका, ही उत्तरं माझी झाली. तुमची कुठंयत?"

"ती तुझं मशीन सांगेल ना?"

"नाही हो. आम्ही पुष्कळ लोकांचे मेंदू एकत्र ताडून बघतो. एकट्याच्या फोटोवरून तो माणूस कोण, ते नाही कळत."

त्याचा चेहरा उतरला. तिनं कोरा फॉर्म दिला आणि त्याला एकटं सोडून आम्ही बाल्कनीत गेलो. वीस मिनिटांनी पाहिलं, तर फॉर्म कोराच.

"समोर कुणी नसलं की मला काही सुचतच नाही गं," तो सुमित्राला म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता.

ती शेजारी बसली. "मी सांगते, लिहा. 'वाद नको म्हणून दुसऱ्याचं मान्य करतो.' हो."

"नाही!"

"नाही काय? साऱ्या गुडगावला माना डोलावता!"

"तुझ्यापुढे डोलावली कधी? सत्तावीस वर्षं सांगतोय, चहात आलं घालू नकोस."

"घालणार."

"मग मी भांडणार!"

बोलता बोलता तो थांबला. सुमित्राकडे पाहतच राहिला. मग 'हो'वर खूण करून त्यानं शेजारी पेनानं दुसरी चौकट काढली आणि लिहिलं, 'घरी: नाही.'

"काका, असं चालत नाही. एकच उत्तर लागतं," तेजश्री म्हणाली.

मला वाटलं, आता हा पोरीचा चेहरा बघून खोडणार.

"नसेल चालत तर राहू दे तुझा फॉर्म," दत्तात्रय म्हणाला, "पण उत्तर हेच आहे."