सेट झालेलं कोकरू

देवगाव फाट्यावर जिंतूरच्या एसटीची वाट बघत होतो. बाजूच्या पडीक रानात मेंढरं बसवलेली आणि एक म्हातारी बिऱ्हाड मांडत होती. इंग्रजीतला 'सेट' हा शब्द ती मिठासारखा सगळ्यात घालायची. चुलीचे दगड सेट केले, मोबाइलचा आवाज सेट केला, आभाळाकडं बघून म्हणाली, "आज हवा सेट न्हाई."

मग तिनं ओच्यातलं कोकरू खाली सोडलं. त्याची आई सकाळीच मेली होती. पिल्लू दगावलेल्या दुसऱ्या मेंढीनं त्याला ढुशी मारली. म्हातारीनं त्याच मेंढीचं दूध काढून कोकराच्या अंगाला चोळलं, वर मीठ लावलं आणि बाजूला सरकली. मेंढी लांबूनच हुंगत होती. हळूहळू जवळ आली, चाटू लागली. कोकरू आचळाला लागलं. माझी एसटी येऊन गेली, मी जागचा हललो नाही.

"सेट झालं," ती म्हणाली.

"दर वेळी जमतं का, मावशी?"

"जमतंय की. मलाबी सावत्र मायनं लय ढुशा मारल्या आधी. मंग सेट झाली. मरताना माझंच नाव घेत व्हती."